पाणी मागणाऱ्या रामटेके सिस्टर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव घेत नाही. त्यांना त्याचा राग येत नाही, कारण त्यांना विचारलं तरी तेही हेच नाव घेतील. रामटेके सिस्टर.

सिस्टर आमच्या जुन्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. जुनं गाव म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. मी पहिलीत असताना त्या बदलून आल्या आणि दहावी होईपर्यंत राहिल्या. पांढरी साडी, खांद्याला निळी पिशवी, हातात काळी छत्री. ऊन असो, पाऊस असो, थंडी असो, छत्री असायचीच, आणि ती उघडलेली मी फार क्वचित पाहिली. कुत्रं हाकलायला, चिखलाची खोली बघायला, दार वाजवायला आणि आमच्यासारख्या पोरांच्या पाठीत हलकंच ढोसायला ती छत्री कामाला यायची.

माझी दहावीची गुणपत्रिका मायने छपराच्या वाशात खोचून ठेवली होती. तापाच्या सर्व्हेला आलेल्या सिस्टरला ती दिसली. त्यांनी छत्रीच्या टोकानं ती खाली पाडली, वाचली आणि बाबांना म्हणाल्या, "हा कागद वाशात ठेवाची चीज होय का गा?" दुसऱ्या दिवशी त्या स्वतः रजा टाकून मला भंडाऱ्याला घेऊन गेल्या. फॉर्म त्यांनी भरला, वसतिगृहाच्या बाबूशी त्याच भांडल्या. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी बी. एस्सी. झालो, बी. एड. झालो, लाखनीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. योग असा की निवृत्त होऊन सिस्टरही लाखनीतच राहायला आल्या होत्या. त्या दिवसापासून "पोट्ट्या"चा मी "मास्तर" झालो. छत्रीची ढोसणी मात्र तशीच राहिली.

पण मला आज सांगायचं आहे ते आमच्या घर घेण्याबद्दल. सिस्टर नेमक्या कोण होत्या, हे मला तेव्हाच कळलं.

गाव बुडालं तेव्हा सरकारनं आम्हाला नव्या गावठाणात प्लॉट दिले. कोणाला कुठला प्लॉट, हे चिठ्ठ्या काढून ठरलं. त्यामुळे जन्मभराचे शेजारी कुठच्या कुठे फेकले गेले आणि आमच्या समोर दुसऱ्याच गावची माणसं आली. माय म्हणायची, "चिठ्ठी काढून शेजार भेटला." पहिल्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. बाबांना ऊन लागलं होतं. माय तांब्या घेऊन समोरच्या दारात गेली. आतल्या बाईनं फटीतून पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्या बाईचीही चूक नसेल. तीही कालच आली असेल, तिच्याकडेही पाणी नसेल. पण माय तो दाराचा आवाज विसरली नाही.

मला नोकरीत पाच वर्षं झाली, बँकेनं घरासाठी कर्ज मंजूर केलं, तेव्हा मी धावतच नव्या गावी गेलो. मायने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येतो. पण एक सांगून ठेवतो दिवाकर. एकदा गाव सुटलं. आता जिथं नेशीन तिथून मी उठणार नाही. शेजार वंगाळ निघाला, तर मले परत आणून सोडजो आणि तू एकटाच राहजो."

एवढं ओझं खांद्यावर असूनही मला आनंदच झाला होता! मी आठ दिवसांत घर पसंत करूनही टाकलं. हमरस्त्यापासून आत एक नवीन लेआऊट पडला होता. कमान, कमानीवर सोनेरी अक्षरं, दोन बाजूंना अशोकाची रोपं आणि रांगेत बांधून तयार असलेली आठ गुलाबी घरं. मी सिस्टरकडे पेढे घेऊन गेलो.

त्यांनी पेढा हातात धरून ठेवला. "सौदा झाला का?"

"नाही, उद्या टोकन द्यायचं आहे."

"मंग पेढा कायचा होय हा? आधी केस दाखव."

त्यांच्या लेखी प्रत्येक गोष्ट केस असायची. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तिथले बंडूभाऊ दलाल भला माणूस. त्यांनी खुर्च्या मांडल्या, थंड मागवलं.

"पहा जी सिस्टर, रोड पहा, बगिच्याची जागा सोडली आहे, हवा पहा कशी मोकळी!"

"मोकळीच राहीन ना भाऊ. तिले अडवाले इथं आहे कोण?" असं म्हणून सिस्टर खुर्चीत न बसता थेट लेआऊटच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं जांभळ्या फुलांची बेशरमीची झाडं माजली होती. छत्रीनं ती बाजूला सारत त्यांनी विचारलं, "ही बेशरम कोणं लावली?"

"लावते कोण जी? आपोआप येते."

"आपोआप नाही येत. जिथं पाणी तुंबून राहते तिथं येते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, ही चिचबोडी होय. इथं पाणी राहे. शेवटच्या पोस्टिंगले मीनं ह्या बोडीतून डासाच्या अळ्या बाटलीत भरून नेल्ल्या, सायबाले दाखवाले."

बंडूभाऊ हसले. "ते जुनी गोष्ट झाली सिस्टर. मुरूम टाकला, वरतून दोन खेपा रोलर फिरवला."

"तुम्हाले माहीत आहे, मले माहीत आहे. बोडीले माहीत आहे का, रोलर फिरवला म्हणून?"

मी विज्ञानाचा मास्तर. पाणी उताराकडे वाहतं, हे दरवर्षी पाचवीला शिकवणारा. तलावांच्या जिल्ह्यात जन्मलो, बोडी म्हणजे पाणी साठवणारं लहान तळं हे पायाला ठाऊक, आणि सोनेरी अक्षरं पाहून मी ते विसरलो! पुढं ऑगस्टमध्ये सायकलीनं मुद्दाम तिकडून गेलो. गुलाबी घरांच्या पायरीपर्यंत पाणी होतं, कमानीचं नाव त्यात उलटं दिसत होतं आणि बगिच्याच्या जागेत बगळे उभे होते. पेढ्याचा तो डबा सिस्टरनी फोडलाच नव्हता. "घर भेटलं की खाऊ," म्हणाल्या. बरोबर होतं ते, पण तोपर्यंत पेढे कसे टिकणार हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर आमची फेरी सुरू झाली. शाळा सुटली की मी सिस्टरकडे जायचो, आणि आम्ही निघायचो. सांगतो तुम्हाला, एवढ्या उत्साहाचे दिवस माझ्या आयुष्यात फार आले नाहीत. मी रोज त्या गावातून शाळेत जात होतो, पण ते गाव मी सिस्टरच्या मागे फिरताना पहिल्यांदा पाहिलं.

त्या घर पाहायच्याच नाहीत. मी आत जाऊन खोल्या मोजत असायचो, आणि त्या बाहेर रस्त्यावर उभ्या. "घर काय पाहाचं? भिंती पोतून घेता येतात. आपलं दार आपल्याले दिसत नाही गा, समोरचं दिसते रोज." गल्लीला त्या चक्क रोग सांगायच्या. एका गल्लीत दुपारी चार वाजता एकही लेकरू बाहेर नव्हतं, त्या म्हणाल्या, "रक्त कमी आहे." हमरस्त्याला लागून एक चांगलं सिमेंटचं घर होतं. तिथं आम्ही मालकाशी दहा मिनिटं बोललो. मालक ओरडून बोलत होता, त्याची बायको ओरडून बोलत होती, आतलं पोरगं ओरडून पाढे म्हणत होतं. बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "हे भांडत नोहोते बरं. ट्रकांमुळं सवय पडली. सहा महिन्यांत तुझी मायही अशीच बोलन." राईस मिलच्या मागं एक घर मला फार आवडलं होतं. टाइल्स, वर टाकी, सगळं. सिस्टरनी फक्त अंगणांकडे पाहिलं. "ऊन एवढं कडक, आणि एकाही दोरीवर कपडा नाही. काहून?" मग खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर धानाचा कोंडा. "फुफ्फुसाची केस. चल."

आणखी एक सवय. पोलिओच्या मोहिमेत नर्सा घरोघर जातात. घरातल्या सगळ्या लेकरांना डोस पाजून झाला की दारावर खडूनं इंग्रजी पी लिहितात. घर बंद असलं किंवा कोणी नकार दिला, की फुली मारतात. सिस्टर त्या पुसट झालेल्या खुणा वाचत चालायच्या. "हे घर दोनदा बंद होतं. ह्या घरी आधी फुली, मंग पी. म्हणजे कोणीतरी समजावलं. समजणारं माणूस आहे आत." त्यांच्या निळ्या पिशवीत अजूनही खडूचा एक तुकडा असे, आणि गल्ली पाहून झाली की कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर त्या गुपचूप फुली मारायच्या. माझ्या नशिबी ओळीनं फुल्याच येत होत्या.

त्याच पिशवीत पाण्याची बाटली असायची. घरून काठोकाठ भरून आणलेली. तरीही प्रत्येक गल्लीत त्या एकदोन दारांत उभ्या राहून म्हणायच्या, "बाई, थोडं पाणी देता का?" मला वाटायचं म्हातारपणाचा विसर. एकदा मी म्हटलंच, "सिस्टर, बाटली आहे ना तुमच्याकडे."

"भरली आहे म्हणूनच तं मागतो. तहान लागली असली की कोण कसं देऊन राहिला ते दिसत नाही."

तेव्हा मी हसलो. काय म्हणायचं आहे ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

गावाबाहेर एक वसाहत होती; नाव घेत नाही. झाडलेली अंगणं, रुंद रस्ता, नोकरदार माणसं. बोडी नाही, कोंडा नाही, ट्रक नाहीत. मी मनात घर घेऊन टाकलं होतं. विकाऊ घराच्या शेजारच्या दारात सिस्टरनी पाणी मागितलं. बाई हसतमुख होत्या. कोण, कुठले, विचारपूस केली, दोघांची आडनावं विचारली. मग आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. आम्ही प्यायलो. मी त्यांचे आभार मानले. रस्त्यावर येताच मी म्हणालो, "सिस्टर, ही तर चांगली आहे! इथं तरी पी लिहा."

त्या थांबल्या. "मास्तर, तुले कोणत्या गिलासात पाणी देल्लं?"

"स्टीलच्या."

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा चुरगळलेला ग्लास काढला. लग्नात पंगतीला ठेवतात तसला, एकदा वापरून फेकायचा. "आणि मले ह्या. आज लगीन होतं का त्यांच्या घरी?"

एकाच दारात, एकाच वेळी, दोघांना. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि मला दिसलं नव्हतं. आमचं घर शेतकरी कुणब्याचं, सिस्टर बौद्ध. दोन आडनावं, दोन ग्लास. मी पाणी पिऊन मोकळा झालो होतो.

सिस्टर चिडल्या नव्हत्या. त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली, तीही हसत. निवृत्तीनंतर त्या घर शोधत होत्या. एका मालकानं चहा पाजला, किल्ली हातात दिली, सगळं ठरलं, आणि शेवटी आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की घर भावाला द्यायचं ठरलं आहे. "एका रात्रीतून भाऊ पैदा झाला, बाप्पा! माझ्या उपकेंद्रात एवढ्या लवकर बाळंतपण कधी झालं नाही." तेव्हापासून त्या आधी पाणी मागायच्या आणि मग घराचं बोलायच्या.

"तुले ही कॉलनी चांगली आहे पण," त्या म्हणाल्या. "तुले तं स्टीलचाच भेटन. घेऊन टाक."

"नाही घेत."

"माझ्यासाठी नोको सोडू."

"तुम्ही माझ्या घरी पाणी प्यायला येणार की नाही?"

"येईन ना. कायले नाही येणार?"

"मग याच रस्त्यानं यावं लागेल तुम्हाला. नाही घेत."

त्यांनी छत्रीनं माझ्या पोटरीवर हलकंच मारलं आणि खांबावर फुली ओढली. ती नेहमीपेक्षा मोठी होती.

पुढं चार-पाच दिवस सिस्टरचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी शाळेच्या फाटकावर उभ्या, पांढऱ्या साडीला काठाकाठानं चिखल. "केस सापडली! तीन खेपा पाहून आलो."

"माझ्याशिवाय?"

"तू खोल्या मोजते गा, तुझं काय काम? मी नळाच्या वेळेवर गेल्तो. भांडण पाहाले."

गल्ली तलावाच्या पाळीजवळची, पण उंचावर. सार्वजनिक नळ एकच. सिस्टर पहाटेच्या पाण्याला तिथं जाऊन ओट्यावर बसल्या होत्या. "दोघी भांडल्या. लगित भांडल्या! एकमेकींच्या माहेरापर्यंत गेल्या. आणि तेवढ्यात पहिलीचं लेकरू घरात रडलं. ती पळाली, तं दुसरीनं तिची पाण्याची गुंडी आपल्या आधी भरून ठेवली. तोंड चालूच होतं, पण गुंडी भरली. नाडी चांगली आहे, मास्तर! एकदम ठणठणीत."

घर मात्र पाहवत नव्हतं. दोन खोल्या, पडवीवर गंजलेली टिनं, एका बिजागरीवर लटकणारं फाटक, अंगणात बोरीचं झाड. मी खोल्या मोजायला निघालो, तर मोजायला फार काही नव्हतंच. पण शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता, कोणाच्या तरी पायरीवर वाळवण होतं आणि त्याची राखण दुसऱ्याच घरची म्हातारी करत होती. मला आतून उसळून आलं. हेच! पण शेवटचा शब्द मायचा होता.

पुढच्या रविवारी माय आणि बाबा एस. टी. नं आले. सिस्टर स्टँडवर हजर. दोघी दहा-बारा वर्षांनी भेटत होत्या.

"काय वं दिवाकरची माय, म्हातारी झाली ना तू!"

"आणि तुम्ही काय जवान राहिल्या का सिस्टर? छत्री तेवढी जवान आहे."

पण गल्लीत शिरल्यावर मायचा चेहरा मिटला. ती दारं पाहत चालली होती, आणि मला ते नव्या गावातलं फटीतून लावलेलं दार आठवत होतं. विकाऊ घराच्या अगदी समोर मीराबाईंचं घर. चौकटीवर पंचशीलाचा पंचरंगी झेंडा. सिस्टरनी बाटली पिशवीत खाली दाबली आणि हाक मारली, "मीराबाई, पाणी देता का जी? पाव्हणे आहेत."

मीराबाई ताट घेऊन आल्या. ताटात चार पेले, सगळे स्टीलचे, सगळे सारखे. बाबांनी घेतला, सिस्टरनी घेतला, मी घेतला. मायचा हात पुढं झाला आणि ताटावर थांबला. तिची नजर एकदा चौकटीवरच्या झेंड्याकडे गेली.

फार वेळ नाही, दोन श्वास. पण मी पाहिलं. सिस्टरनी पाहिलं. मीराबाईंनीही पाहिलं, त्यांचं हसू जरासं मागं सरकलं. महिनाभर आम्ही मोहल्ले तपासत फिरत होतो, आणि इथं एका ताटासमोर मोहल्ला आम्हाला तपासत होता. मला वाटलं, आता हे घर गेलं; आणि त्याहून वाईट, गेलं तेच बरोबर आहे.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "घे वं माय. ऊन लगित आहे."

मायने पेला उचलला. तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. पदरानं तोंड पुसलं, पेला पुढं धरला आणि म्हणाली, "अजून आहे का जी?"

"अख्खा रांजण आहे!" मीराबाई म्हणाल्या आणि आत धावल्या.

मग आम्ही विकाऊ घराच्या ओट्यावर बसलो. माय सिस्टरकडे न पाहताच म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आमच्या घरी येत होत्या, तं मी तुम्हाले वरतून पाणी देत होती."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे, पाहिलं असणार. सहा वर्षांचा असल्यापासून दहावीपर्यंत पाहिलं असणार. त्या कॉलनीतल्यासारखंच, दिसलं नव्हतं.

"हाव," सिस्टर म्हणाल्या. "पितळेच्या गडव्यातून. मी ओंजळ करो."

"याद आहे तुम्हाले."

"गडव्याले एका बाजूनं पोचा होता. तेही याद आहे."

"तरी तुम्ही आमच्या पोरीले, ह्याच्या बहिणीले, लशीचे टीके देल्ले. ह्याचा कागद वाशातून काढला. काहून जी सिस्टर?"

सिस्टर हसल्या. "टीका पोरीले द्याचा होता वं, तुझ्या गडव्याले नाही."

बाबा खाली मान घालून बसले होते. मायच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज घट्ट होता. "नव्या गावात मले कोणं घोटभर देल्लं नाही. तेव्हा मले तुमची ओंजळ आठवली होती. कोणाले सांगतली नाही." मग माझ्याकडे वळली. "दिवाकर, हेच घर घे. मी इथून उठत नाही."

जाताना मी खांबाकडे पाहिलं. त्यावर खडूनं पी आधीच लिहिलेला होता. तीन खेपांतल्या कुठल्यातरी खेपेला. सिस्टर छत्री टेकत पुढं निघून गेल्या होत्या.

घराची डागडुजी चालू असतानाच सिस्टरचे गुडघे बसले. त्यांची मुलगी नागपूरला असते. तिनं ऐकलं नाही, न्यायला आली. आमचा गृहप्रवेश व्हायला पंधरा दिवस होते. मी हमरस्त्यावर त्यांना बसमध्ये बसवायला गेलो. त्या खिडकीशी बसल्या. मी म्हणालो, फोन करत जाईन. त्या म्हणाल्या, "फोनवर तू लगित मास्तरासारखा बोलते. पत्र लिहिजो. अक्षर पाहू दे कसं राहिलं ते."

"आमच्या घरी पाणी राहिलं तुमचं."

"राहू दे ना. राहिलं असलं तं यावं लागते."

बस सुरू झाली. त्यांनी निळ्या पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि ट्रकांच्या धुरळ्यात, खिडकीकडे तोंड करून, त्या स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं पिताना पहिल्यांदाच पाहत होतो. मग छत्रीचं टोक खिडकीबाहेर आलं, दोनदा हललं आणि बस वळली.

त्यानंतर वर्षभरानं मी त्यांना लिहिलेलं पत्र असं होतं.

आदरणीय सिस्टर,
सप्रेम जयभीम.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? आम्ही सगळे बरे आहोत. टिनं बदलली, फाटक सरळ केलं. बोरीला यंदा एवढी बोरं लागली की अर्धी गल्ली आमच्या अंगणात असते. माय ओरडते आणि मग स्वतःच काठीनं पाडून देते. नळावर तिचं आणि मीराबाईंचं परवा भांडण झालं. लगित झालं. मला काळजी वाटली, पण संध्याकाळी मीराबाईंनी लाखोळीच्या डाळीचे वडे पाठवले आणि मायने ती वाटी रिकामी परत केली नाही. नाडी ठीक असावी.

आता खरं कारण लिहितो. गल्लीच्या टोकाचं घर विकायला निघालं आहे. मागच्या रविवारी भर उन्हात एक बाई ते पाहायला आल्या. एकट्याच होत्या. घर पाहिलं न पाहिलं आणि सरळ आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, थोडं पाणी देता का?" मी आत वह्या तपासत होतो. मायने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "आधी सावलीत बसा," म्हणाली. आमच्याकडे आता एकसारखे सहा स्टीलचे पेले आहेत. त्यातला एक भरून तिनं त्यांच्या हातात दिला. त्या प्यायल्या. दुसऱ्यांदा मागितलं, तेही दिलं. मग त्या उठल्या तेव्हा मला त्यांची पिशवी दिसली. पिशवीतून पाण्याची बाटली डोकावत होती. काठोकाठ भरलेली.

सिस्टर, त्यांना तुम्ही पाठवलं होतं का?

नसेल पाठवलं तर मग तुमच्यासारखं फिरणारं आणखीही कोणी आहे, आणि असेल पाठवलं तर तुम्ही आम्हाला अजून सोडलेलं नाही. दोन्हींनी मला सारखाच आनंद होतो.

मायला मी बाटलीचं सांगितलं. त्या बाई कोपऱ्यावरून वळल्याबरोबर ती उठून बाहेर गेली. आमच्या दाराची चौकट तिनं वरपासून खालपर्यंत पाहिली, मग खांबापर्यंत जाऊन आली. तिला वाचता येत नाही, पण पी आणि फुली यांतला फरक तुम्ही तिला शिकवून गेला आहात. तुमचा जुना पी पावसात कधीच धुऊन गेला; नवं काही सापडलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी अंगण झाडताना ती एकदा चौकटीकडे पाहते. काल मला म्हणाली, "सिस्टरले लिही. खडू घेऊन स्वतः या म्हणा. जे काय लिहाचं असन ते लिहा. पण आधी पाणी प्या."

आपला,
दिवाकर